कुत्रीच्या गळ्यातलं घुंगरू
खुर्चीला बांधलेलं हे घुंगरू वाजलं, की पाटोद्याकडच्या माळावरची ती सकाळ आठवते. हार्टअटॅकनंतर वर्षभरानं मी माझ्या कुत्रीला घेऊन पुन्हा तितरांमागं निघालो होतो. एकट्याला सोडायचा बायकोला धीर होईना, म्हणून गोळ्यांची डबी घेऊन तीही आली आणि बांधावर बसली. वाळल्या गवताचा वास नाकात भरला होता, कुसळं पायाला टोचत होती आणि झुडपांतून कुत्रीच्या गळ्यातलं घुंगरू वाजत होतं. ते थांबलं की समजायचं, तिला तितराचा वास लागला. एका बोरीपाशी ते थांबलं. मीही जाळं धरून, श्वास रोखून गवतात खाली बसलो. तेवढ्यात बांधावरून हाक आली, "अवो, गप कावून झालात? बरं हाय ना?" भर्रकन पाच-सहा तितरं उडून गेली. कुत्रीनं माझ्याकडं पाहिलं, मी बायकोकडं, आणि इतका हसलो की डोळ्यांत पाणी आलं. आताही पेपर वाचताना मी जरा गप्प झालो, की स्वयंपाकघरातून तीच हाक येते. मी नुसतं घुंगरू वाजवतो, आणि पायाशी झोपलेल्या म्हाताऱ्या कुत्रीचे कान उभे राहतात.