माणशी कोळसा

खोटं कानावर पडलं की राऊत सर खुर्ची उचलून बाहेर जात. राज्याच्या सीमेपलीकडच्या बोथ गावातल्या आमच्या मराठी शाळेत मी रुजू झाले, त्याच दिवशी हे पाहिलं. शाळेत एकही मूल गैरहजर राहत नाही, असं हेडमास्तर मला कौतुकानं सांगत होते. तेवढ्यात कोपऱ्यातला एक हाडकुळा माणूस उठला, लाकडी खुर्ची उचलून व्हरांड्यात गेला आणि तिथं बसून वह्या तपासू लागला. मी जवळ जाऊन विचारलं, "आत गरम होतंय का, सर?"

"गरम नाही, म्याडम," ते तोंड वाकडं करून म्हणाले. "मळमळून राह्यलं."

राऊत सर समाजशास्त्र शिकवत. ते वाढले मंचेरियलला, कोळशाच्या खाणीजवळच्या वस्तीत. वडील खाणकामगार. आईनं वाळत घातलेलं पांढरं लुगडं कधी पांढरं घरात आलं नाही, दुधावर झाकण ठेवलं तरी सायीवर काळी पूड दिसायची, असं ते सांगत. म्हणून कुणी 'काळं सोनं' म्हणालं की त्यांचा चेहरा आंबट होई. "ज्यानं हे नाव ठेवलं, त्यानं त्याच्यात भाकर नाही खाल्ली."

भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्या कोळशाचा त्यांचा धडा मी एकदा दारात उभी राहून ऐकला. त्यांनी गुळाचे जवळपास सारखे दोन खडे आणले होते. एक, जरासा मोठा, वैष्णवीच्या हातावर ठेवला. दुसरा फोडून उरलेल्या अख्ख्या वर्गाला वाटायला लावला. पोरांच्या वाट्याला बोटाला चिकटेल एवढाच गूळ आला. "हे वैष्णवी म्हणजे ऑस्ट्रेलिया. अन् तुमी सारे आपला देश. ढीग पाहून फुगू नका रे, खाणारी तोंडं मोजा."

वैष्णवी बाजारात भाजी विकणाऱ्या बाईची मुलगी. तिनं विचारलं, "सर, मग तिकडच्या माणसाच्या घरी लई कोळसा असते?"

"नसते, बाई. माणशी म्हणजे माणसाच्या हातात, असं नसते. तो भागाकार कागदावरचा. खाणीचा खड्डा तेवढा खरा."

त्या वर्षीच्या गॅदरिंगला कोळशाच्या ट्रकांचा एक मालक पाहुणा म्हणून येणार होता. शाळेला तो पत्र्याची शेड बांधून देणार, म्हणून हेडमास्तर आठवडाभर त्याच्याच नावाचा जप करत होते. वक्तृत्वाचा विषयही त्याच्याच आवडीचा ठेवला: 'कोळसा, देशाची श्रीमंती'. त्याच्या माणसांनी एक वाक्यसुद्धा पाठवलं. ऑस्ट्रेलियातल्या माणसापेक्षा भारतातल्या माणसाच्या वाट्याला जास्त कोळसा येतो, असं. ते प्रत्येक मुलानं म्हणायचं होतं.

राऊत सर म्हणाले, "हे उलटं हाय."

"उलटं-सुलटं पाहुण्याला काय कळते?" हेडमास्तर म्हणाले. "शेड पाहा ना, सर."

मुलं एकामागून एक आली आणि ते वाक्य म्हणून गेली. पाहुणा मान डोलवत होता. वैष्णवीनं मात्र ते वाक्य म्हटलं नाही. तिनं गुळाची गोष्ट सांगितली आणि शेवटी म्हणाली, "आपलाही ढीग मोठा आहे, पण माणशी पाहिलं तर आपण त्यांच्या कितीतरी मागं आहोत."

पाहुणा माइकवर हसला. "बिटिया, कोयले पर बोलना था, गुड़ पर नहीं."

पाहुणा हसला म्हणून हेडमास्तर हसले, हेडमास्तर हसले म्हणून मास्तर हसले, आणि मग पालकही हसले. पोरगी माइकसमोर तशीच उभी होती. ते हसू आजही आठवलं की अंगावर पाल पडल्यासारखं होतं.

स्टेजवर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. राऊत सरांनी आपली खुर्ची उचलली, पायऱ्या उतरले आणि सगळ्या गावासमोर मुलांच्या रांगेत नेऊन ठेवली. मग वैष्णवीला खाली बोलावून त्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतः तिच्याशेजारी मातीत बसले. पाहुण्याचा चेहरा उतरला. पहिलं बक्षीस त्याचं वाक्य सगळ्यात मोठ्यानं म्हणणाऱ्या मुलाला मिळालं.

नंतर मी सरांना म्हटलं, "जरा गप्प बसला असता तर?"

"तोंड आवरता येते, म्याडम. किळस कशी आवरू?"

हेडमास्तरांनी पाहुण्याच्या घरी जाऊन माफी मागायला सांगितलं. सर गेले नाहीत. महिनाभरात त्यांना इंद्रवेल्लीकडच्या एका लहानशा शाळेत पाठवलं.

निरोपाला शाल आणि नारळ आणला होता. हेडमास्तर शाल घालायला पुढं झाले तर सर मागं सरकले. "त्या दिवशी हसले न तुमी? मग आज हे काऊन?" नारळ तेवढा घेतला, तिथंच फोडला आणि मुलांना वाटला. बसच्या खिडकीशी हेडमास्तर कसनुसं हसून म्हणाले, "सर, मनात काही ठेवू नका."

"मनात काय ठेवू? मी तर तिथंच ओकून टाकलं. पोटात तुमच्या राह्यलं."

शेड झाली. तिच्या भिंतीवर मोठ्या निळ्या अक्षरांत ते वाक्य रंगवलं आहे आणि खाली देणगीदाराचं नाव. माझा मराठीचा तास तिथंच असतो. वर्गात नवी मुलं आली की शुद्धलेखनासाठी ते वाक्य मी त्यांच्याकडून वाचून घेते. मग मोठ्यानं सांगते, "यात ऱ्हस्व-दीर्घ सगळं बरोबर आहे. वाक्य खोटं आहे." पलीकडच्या खोलीत हेडमास्तरांना ते ऐकू जातं. अजून तरी माझी बदली झालेली नाही.