तिच्या चक्रीवर माझा हात

मी जानेफळच्या शाळेत चित्रकला शिकवायचो. निवृत्त झाल्यावर दुपारी चक्री, म्हणजे आतून बाहेर गोल फिरत जाणारी रेघ, काढत बसायचा नाद लागला. एका रेघेवर जवळजवळ दोन बिंदू घ्यायचे, कंपासचं टोक आळीपाळीनं त्यांवर रोवायचं आणि दर खेपेला कंपास थोडा फाकवून अर्धवर्तुळ काढायचं. सांधा दिसला की मी पान फाडायचो. बायको म्हणायची, "पेन्शन काय चकऱ्या काढाले भेटते तुमाले?"

मग तिचाच उजवा हात थरथरायला लागला. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी कंपवात सांगितला, गोळ्या दिल्या आणि नेमकं हेच काम दिलं. दर रविवारी तिनं नुसत्या पेननं, हात टेबलाला न टेकवता एक चक्री काढायची. तीन महिन्यांची पानं बघून गोळी वाढवायची की नाही ते डॉक्टर ठरवणार होते.

ती जीभ दातात धरून मन लावून काढायची. पण रेघ करवतीसारखी यायची, आणि दर रविवारी जास्तच. मला ते बघवत नसे.

शाळेत तपासणी आली की मी पोरांच्या चित्रांवर हात फिरवायचो. सगळेच मास्तर करायचे. जित्याची खोड! बुलढाण्याला जायच्या आदल्या दिवशी ती देवळात गेली, तेव्हा मी तिची पानं माझ्या कपाटात टाकली आणि सगळी नवी काढली. अगदी सुबक नाही, इतका मी मूर्ख नाही. मुद्दाम थोडा हात हलवला, तारखाही तिच्यासारख्या वाकड्या घातल्या.

डॉक्टर खूश झाले. "गोळी लागू पडली. एवढाच डोस ठेवू." पुढच्या खेपेलाही मी तेच केलं. खोटं कशाला बोलू, पानं बघून मलाही वाटायचं की ती बरी होतेय. घरी मात्र तिला पोळी लाटता येईना. ब्लाऊजची बटणं मी लावून द्यायचो. पेला तोंडाशी जाईपर्यंत अर्धं पाणी सांडायचं.

तिसऱ्या खेपेला तिला खुर्चीत नीट बसताही येईना, हे बघून डॉक्टरांनी माझी पानं बाजूला सारली. "काकू, इथंच काढा बरं एक."

तिनं पेन घेतलं आणि माझ्यापुढे धरलं. मी घेतलं नाही. मग तिनं पिशवीतून चुरगळलेल्या पानांचा गठ्ठा काढून टेबलावर ठेवला. माझ्या कपाटातला.

"ह्या माह्या हायेत, डॉक्टर. यायले माह्या रेघीची लाज वाटते."

डॉक्टर एकेक पान उलटत गेले. "सहा महिने गेले की हो सर," एवढंच म्हणाले, आणि गोळी दुप्पट लिहून दिली.

लाज नव्हती ती. भीती होती. ते मला तिथं म्हणता आलं नाही, आणि परतीच्या बसमध्ये तिनं विचारलंही नाही.