कान न तोडलेली कॅसेट

कॅसेटचे कान शाबूत होते. मला ते तेव्हाच खटकलं होतं.

कान म्हणजे कॅसेटच्या मागच्या कडेला असतात ते प्लास्टिकचे दोन तुकडे. ते तोडले की चुकूनही त्यावर दुसरं काही रेकॉर्ड होत नाही. आमच्यात टेप हाती आली की आधी कान तोडतात, मग चहा. आम्ही म्हणजे मी, सोनवणे सर आणि गांगुर्डे काका. स्वतः लिहून स्वतः गाणाऱ्या एका मोठ्या गायकाचे, आमच्या 'दादां'चे, स्टुडिओत फसलेले आणि बाजारात कधीच न आलेले टेक आम्ही गोळा करतो. टेप थोड्या जमतात, किस्सेच फार. आत्ता मी काकांना फोन लावलाय, तो नुसता वाजतोय, आणि नको तेव्हा ते सगळे किस्से आठवतायत.

*

हरसूलच्या बाजारात दादांची कच्ची टेप आहे, असं कुणीतरी सरांना सांगितलं. सर शाळेत रजा टाकून गेले.

"दादांचाच आवाज हाय सर, लय जुना. खोकला ऐका ना," विकणारा म्हणाला.

सरांनी अख्खी बाजू ऐकली. नुसता खोकला. तेवढ्यात विकणाऱ्याला उबळ आली. तोच खोकला!

"घेतो," सर म्हणाले. "वर सही मात्र तुमची करा."

*

द्वारका चौकातल्या सिग्नलला काका स्कूटरवर, कानात इअरफोन. सिग्नल हिरवा झाला, मागून हॉर्न, काका हलेनात. ट्रॅफिक पोलीस आला.

"एक मिनिट साहेब, आता दादा तबलजीला झापतात," म्हणत काकांनी एक इअरफोन त्याच्या कानाला लावला.

पोलिसाने शांतपणे ऐकून घेतलं. "बरोबर झापलं. आता गाडी बाजूला घ्या, तुमचा नंबर."

*

काका अजून उचलत नाहीत.

टेप देताना सर दर वेळी म्हणतात, "एकच आहे, जप." एक टेप मी आठ दिवस उशीखाली घेऊन झोपले. परत द्यायला गेले, तर सरांच्या कपाटात तशाच तीन.

"सर, एकच म्हणाला होतात ना?"

"तीन आहेत म्हटलं असतं, तर उशीखाली ठेवली असतीस?"

*

काका तसे नाहीत. ओझरच्या कारखान्यात विमानं जोडण्यात हयात गेली त्यांची. त्यांचं एक म्हणजे एकच. परवा ही कॅसेट देताना तेही म्हणाले, "एकच आहे गं पोरी."

काकू, म्हणजे काकांची बायको, एके काळी दादांच्या कोरसमध्ये गायच्या. या टेकमध्ये दादा स्वतःचीच ओळ विसरतात आणि काकूंना हसू फुटतं. दादा म्हणतात, "हसा बाई, ओळ तर गेलीच." दोन वर्षांपूर्वी घशाच्या ऑपरेशनमध्ये काकूंचा आवाज गेला. उरलं ते टेपवरचं हसू.

कॉपी करताना लॅपटॉपवर रेकॉर्ड दाबायचं आणि टेपरेकॉर्डरवर प्ले. मी दोन्हीकडे रेकॉर्ड दाबलं. कान तुटलेले असते तर ते बटण दबलंच नसतं. पण दुसऱ्याच्या कॅसेटचे कान आपण कसे तोडणार?

मागे घेऊन ऐकलं. हसण्याच्या जागी माझी आई. "पोळ्या गार होतायत गं."

*

सरांना फोन लावला.

"त्यांच्या घरच्या फोनवर कर," सर म्हणाले.

"दुपारच्या घरी काकू एकट्या असतात, सर. उचलून त्या बोलतील कशा?"

सरांनी तरीही नंबर सांगितला. मी तोच नंबर लावला. बराच वेळ वाजला, आणि उचलला गेला. हॅलो नाही. फक्त श्वास.

"काकू?"

मग मी थांबलेच नाही. कान, दोन्ही बटणं, आई, पोळ्या, सगळं सांगून टाकलं. पलीकडे रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. पावलं लांब गेली. मग खट्. प्लेचं बटण.

दादा ओळ विसरले. आणि काकू हसल्या.