श्यामरावांचा नारळ समुद्रावर जातो

लोक फिरायला गेले की फोटो आणतात, आमची टोळी किस्से आणते. फोटो मोबाइल बिघडला की जातात. किस्से मात्र मालेगावच्या माझ्या बियाण्याच्या दुकानात बसून कुणी ना कुणी पुन्हा सांगतोच, आणि दर वेळी थोडे वाढवून! म्हणून म्हटलं, एकदा मीच सांगून टाकतो.

हरभरा पेरून झाला की आम्ही गाडी करून कोकणात जातो. किल्ले, लेणी, बागा, जे तिकीट काढून दिसतं ते सगळं. टोळीत मी, इंझोरीचे श्यामराव, त्यांची बायको कमलकाकू आणि त्यांचे व्याही, धनजचे सोपानराव.

श्यामराव पाणाड्या. तळहातावर नारळ आडवा ठेवून वावरातून चालतात. नारळ उभा झाला की तिथं बोर घ्यायचा. सोपानरावांच्या वावरात तो दोनदा उभा झाला आणि दोन्ही वेळा नुसता फुफाटा निघाला! लेक त्याच घरात दिलेली. यंदा परतल्यावर तिसरा बोर घ्यायचा होता.

निघताना कमलकाकू मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "भाऊ, याही खेपी कोरडा गेला त पोरीले जलमभर आयकावं लागन."

श्यामरावांनी नारळ पिशवीत घेतला होता.

*

पहिल्या किल्ल्यावर गाइडनं तोफा, वेढे, फितुरी असं सगळं जीव तोडून सांगितलं. शेवटी घाम पुसत म्हणाला, "काही प्रश्न?"

सोपानराव म्हणाले, "हे सारं किती एक्कर असन?"

गाइडनं नुसता तटबंदीकडे हात फिरवला.

"बरं. सातबारा कोनाच्या नावावर हाये?"

पुढच्या बुरुजाला गाइड दुसऱ्या पार्टीबरोबर गेला.

*

खाडीकाठी खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या तिवरांचं उद्यान आहे. लाकडी पुलावरून फिरायचं. सकाळी गेलो तेव्हा पुलाखाली भरपूर पाणी होतं. जेवून आलो तर चिखल!

"अव माय! पानी कुठं गेलं?" कमलकाकू म्हणाल्या.

तिथला रखवालदार म्हणाला, "ओहोटी लागली. परत येईल."

"रोज येते?" सोपानरावांनी विचारलं.

"दिवसातून दोनदा."

सोपानरावांनी कठड्यावरून वाकून चिखल बघितला. मग म्हणाले, "आमच्या कालव्याले सालातून दोनदा येत नाई. इथला साह्यब कोन हाये?"

*

समुद्रातल्या किल्ल्याला होडीनं जायचं होतं. श्यामरावांचा दोन कोरड्या बोरांपासून आत्मविश्वास गेला होता. सरावासाठी म्हणून त्यांनी होडीतच नारळ काढला, तळहातावर आडवा ठेवला आणि डोळे मिटले.

भर समुद्रात नारळ उभा झाला!

"पायलं का, इवाई? उभा झाला!" श्यामराव व्याह्यांकडे वळून आनंदानं ओरडले.

कमलकाकूंनी चारी बाजूंना नजर फिरवली आणि म्हणाल्या, "हौ. हाये बाप्पा पानी."

होडीवाल्यानं गंभीरपणे विचारलं, "काका, किती फुटांवर लागेल?"

सोपानराव हसले नाहीत. त्यांना तिसरा बोर दिसत होता.

*

त्या किल्ल्यात गोड्या पाण्याची विहीर आहे. चहूबाजूंनी खारा समुद्र आणि मधे हे गोड पाणी. सगळे थक्क होऊन बघत होते. श्यामराव नारळ घेऊन विहिरीभोवती फिरले. नारळ आडवाच. पुन्हा फिरले. आडवाच!

मग त्यांनी ओंजळभर पाणी पिऊन बघितलं, तोंडात घोळवलं आणि निकाल दिला, "वरचं पानी हाये. टिकत नाई."

तिथला म्हातारा पहारेकरी दुखावला. "अहो, माझ्या खापरपणजोबांनी हेच पाणी प्यायलंय!"

"म्हनूनच सांगून राह्यलो," श्यामराव म्हणाले. "आता आटाले आली असन."

मला त्यांची फार कीव आली. कमलकाकू पदर सारखा करत दुसरीकडे बघू लागल्या. सोपानराव मात्र एकदा विहिरीकडे आणि एकदा व्याह्यांकडे बघत होते. परतीच्या होडीत त्यांनी तो नारळ मागून घेतला आणि उलटसुलट करून बघितला.

*

गावाकडे परतताना धनज आलं तसं सोपानराव म्हणाले, "इवाई, आपून पयले वावरात जाऊ. पानी कुठं नाई, तेवढं दाखवा."

श्यामरावांना यात काही वावगं वाटलं नाही. नारळ घेऊन सगळं वावर फिरले. धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, बाभळीजवळ थांबून म्हणाले, "इथं त बिलकुल नाई. कोरडं ठक्क."

सोपानरावांनी तिथंच बोरची मशीन लावली.

बोर लागला तेव्हा आम्ही सगळे हजर होतो. आधी फुफाटा, मग चिखल आणि मग पाणी असं उसळलं की बाभळ ओली झाली! लेक धावत आली. कमलकाकूंच्या डोळ्यांना पदर लागला.

श्यामराव सावकाश पुढे गेले. ओंजळभर पाणी प्याले, तोंडात घोळवलं. सोपानराव श्वास रोखून त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"वरचं हाये," श्यामराव म्हणाले. "टिकत नाई."

सोपानरावांनी तिथल्या तिथं पोराला पेढे आणायला पिटाळलं.