आजोबांचे पेशंट

सदर भागातल्या चहाच्या टपरीवर एक गृहस्थ मला रोज भेटतात. महायुद्धात डॉक्टर असलेल्या त्यांच्या आजोबांचा विषय निघाला, की कप खाली ठेवून ताठ बसतात. "ब्रह्मदेशात गोळ्या काढल्या त्यांनी, भाऊ!" मला ते नाटकी वाटे.

कोणी विश्वास ठेवेना, म्हणून त्यांनी लष्कराकडून आजोबांच्या सेवेची नोंद मागवली. ती आली तेव्हा त्यांनी स्वतःच सगळ्यांना सांगितलं, "आजोबा खेचरांचे डॉक्टर होते."

"मतलब मरीज़ लात मारते होंगे!" टपरीवाला म्हणाला. मलाही हसू आवरेना.

"तुम्ही काहून हसून राहिले, भाऊ? खेचराले गोळी लागली तर दुखत नाही काय?"

त्यांनी कप खाली ठेवला आणि ते ताठ बसले.

या वेळी मीही कप खाली ठेवला.