न झिजलेली विजार

तुफानराव हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. बंबखान्याची घंटा झाली, की वर झोपलेले जवान जमिनीतल्या भोकातून पितळी खांबावरून सरसर घसरत खाली येत. आणि बघतात तो काय, ड्रायव्हरसाहेब बंबाच्या स्टिअरिंगमागे हजर! तीस वर्षं हेच. म्हणून तुफानराव.

आता तुमच्यापासून काय लपवायचं? पेटलेल्या गोदामाला बंब भिडवणारा हा गडी, पण त्या भोकातून खाली पाहिलं की दोन पावलं मागे. जन्मात एकदाही तो खांबावरून उतरला नव्हता. बाकीचे घोरायला लागले, की उशी काखोटीला मारून जिन्याने खाली, आणि बंबाच्या सीटवर मुटकुळं. घंटा झाली की नुसतं उठून बसायचं. झालं तुफान!

पुढे बंबखाना पाडायचा घाट टळला आणि तिथे आगीच्या बंबांचं संग्रहालय करायचं ठरलं. ते उभारणारी बाई भलती उत्साही.

"काका, उद्घाटनाला खांबावरून तुम्हीच उतरायचं. तुमच्याइतकं चपळ कोण होतं?"

तुफानरावांच्या तोंडचं पाणी पळालं. नाही म्हणावं तर नाव जातंय, हो म्हणावं तर जीव.

उद्घाटनाच्या सकाळी ते वर भोकाच्या काठाशी एकटे उभे. खाली गर्दी, जावई, माना उंचावलेली नातवंडं. तळहाताला असा घाम, की पितळ मासोळीसारखं निसटत होतं. गुडघे लटलट. डोळे मिटावेत तर भोक जास्तच मोठं दिसायचं.

इतक्यात जिन्याने बायको वर आली. काचेत ठेवायला मागितलेला त्यांचा जुना गणवेश तिच्या हातात.

"अहो, ही विजार काही मी देत नाही त्या संग्रहालयवाल्या मुलीला."

"का?"

"खाली बाकीच्यांच्या मांडल्यात, त्या बघितल्या. खांब घासून घासून मांडीला ठिगळावर ठिगळं. ही बघा, कोरी करकरीत! क्वार्टर्समधल्या शेजारणी नवऱ्यांच्या नावाने बोटं मोडत शिवायला बसायच्या. माझी सुई गंजली."

"म्हणजे तुला..."

"पहिल्याच वर्षी कळलं."

"मग बोलली नाहीस ती?"

"काय बोलायचं? धड घरी यायचात, पुरे होतं. चला जिन्याने. माझे गुडघे धरलेत म्हणून सांगते."

पायरी पायरीने दोघं उतरली. बाई धावत आली. "काय झालं, काकू?"

"अगं, माझे गुडघे..."

"तिचे नाहीत," तुफानराव म्हणाले. "माझे. मी या खांबाला तीस वर्षं भितोय. बंबातच झोपायचो."

पुढे बसलेला एक म्हातारा जवान खेकसला, "लेका, आणि आम्ही मेलो धावून धावून!"

विजार आता काचेत आहे, रांगेत एकटी बिनठिगळाची. तुफानराव दर शनिवारी पाहुण्यांना बंब दाखवतात. वरच्या खोलीत जायची वेळ आली, की मात्र अजून भिंतीला धरून जातात.