कानात कापूस घालून निवडलेले स्पीकर

या, जरा जवळ सरका. आणि तो फोन ठेवा आधी बाजूला. मी इथे जीव तोडून बोलते आहे आणि तुमचं सगळं लक्ष कुठल्या स्पीकरला किती तारे मिळाले ते बघण्यात! कोण कुठली माणसं, ना ओळख ना पाळख, त्यांनी तारे दिले म्हणून वस्तू घरात आणायची? शोभतं का तुम्हाला? आमच्या जिजी असत्या ना, तर फोन हातातून काढून घेतला असता आणि म्हणाल्या असत्या, "हात ठेवून बघ ना!"

"हात ठेवून बघ ना" हे जिजींचं साऱ्या दुनियेला उत्तर. टरबूज पिकलंय का? हात ठेवून बघ. छतावरची टाकी भरली का? हात ठेवून बघ. गल्लीत कुणाची स्कूटर बिघडली आणि मेकॅनिक म्हणाला की इंजिन खोलावं लागेल, तर जिजी वाटेत थांबून सीटवर पंजा टेकवणार आणि सांगणार, "थरथर तो बराबर है भैया, इसको मत खुलवाओ." पंजाही कसा, पोळ्या लाटून लाटून रुंद झालेला. पाठीवर पडला की आवाज व्हायचा, आणि दोन दिवस माया आठवायची.

आम्ही उज्जैनला, माधव नगरात भिंतीला भिंत लावून राहत होतो. लहानमोठे सगळे त्यांना जिजी म्हणायचे, म्हणून त्यांचे यजमान आपोआप सगळ्या गल्लीचे जिजाजी झाले. डोक्यावरचे सगळे केस पांढरे, आणि शाळेत जाणारी पोरंही "जिजाजी, नमस्ते!" म्हणून ओरडत जायची.

ओरडावंच लागायचं. जिजाजींचा जन्म रेल्वेत गेला, इंजिनांच्या शेजारी. निवृत्त झाल्यावर कान हळूहळू गेलेच. मशीन आणलं होतं. ते म्हणायचे, "कानात बसून कुणीतरी पापड मोडतंय." गेलं ते मशीन कपाटात. तिथवर ठीक होतं. मग इंदूरला एका लग्नात कुणी काहीतरी विचारलं, ह्यांनी भलतंच उत्तर दिलं आणि अख्खी पंगत हसली. ते पण हसले त्यांच्याबरोबर. पण घरी आल्यावर स्वतःची खुर्ची उचलली आणि मागच्या खोलीत नेऊन ठेवली. जेवण तिथे, पेपर तिथे. पाहुणे आले तरी बाहेर यायचे नाहीत. "तुम्ही बोला, माझा काय उपयोग?" एवढंच.

जिजी रडणाऱ्यातल्या नव्हत्या. पण एकदा माझ्याकडे मेथी निवडता निवडता म्हणाल्या, "अगं, भांडायला पण माणूस समोर लागतो. दर वेळेस मागच्या खोलीत जाऊन भांडायचं म्हणजे मला पाहुणी आल्यासारखं वाटतं." आणि हसल्या. मी हसले नाही. त्या घरात बाहेरची खोली रिकामी आणि आतल्या खोलीत माणूस बंद, हे मला रोज भिंतीतून कळत होतं.

मग नवरात्रात एका संध्याकाळी गल्लीतून देवीची मिरवणूक निघाली. पुढे गाडीवर कपाटाएवढे भोंगे. आमच्या खिडक्या थरथरायला लागल्या. आणि काय सांगू, मागच्या खोलीतून जिजाजींनी पेपरातून मान वर केली आणि विचारलं, "दार कोण बडवतंय?"

जिजींनी भिंतीवर पंजा ठेवला. भिंत धडधडत होती. तशीच कणकेच्या हातांनी ती बाई माझ्या दारात. "अगं ए शेजारणी, उद्या दुपारी चप्पल घालून तयार राहा. होम थिएटर घ्यायचंय."

"काय घ्यायचंय?"

"तो डबा गं, धमधम करणारा. कानांनी नाही तर नाही, अंगानं ऐकवते त्यांना. बाहेरच्या खोलीत आणून बसवते की नाही, बघ तू."

टावर चौकातल्या एका मोठ्या दुकानात गेलो. आत कडाक्याची थंडी, भिंतीभर टीव्ही. सेल्समन पोक्त होता, चष्मा डोक्यावर चढवलेला. त्यानं "आइए माताजी" म्हणायला आणि जिजींनी पर्समधून वातींचा कापूस काढायला एकच गाठ पडली. रिकामा वेळ मिळाला की त्या देवाच्या वाती वळायच्या, त्यामुळे कापूस कायम जवळ. दोन गोळे केले आणि दोन्ही कानांत ठासले.

"माताजी, ये क्या कर रही हैं? साउंड सुनने आई हैं ना?"

ओठ बघून जिजींना समजलं असणार. "मेरे को नहीं सुनना भैया. जिनको सुनना है वो घर पे हैं, और उनको सुनाई नहीं देता."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

मग जिजींनी चपला काढून कोपऱ्यात लावल्या, फरशीवर अनवाणी उभ्या राहिल्या आणि मोठ्यानं, कापूस घातलेली माणसं बोलतात तितक्या मोठ्यानं, हुकूम सोडला, "अब बजाओ!" पलीकडे मिक्सर बघत होते ते जोडपंही इकडे आलं.

सेल्समननं लहान स्पीकरपासून सुरुवात केली. कुठला समोर लावायचा, कुठला पाठीमागे, पिच्चरमध्ये जंगल आलं की पक्षी कसे मागून बोलतात. जिजींना यातलं अक्षर ऐकू येत नव्हतं, म्हणून मी कानाशी ओरडले, "पाठीमागून चिमण्या बोलतात म्हणे!"

"चिमण्या अंगणात आहेत! फुकट!" जिजी त्याहून मोठ्यानं. "लहान स्पीकर तू निवड, तुझे कान शाबूत आहेत. माणसाचं बोलणं साफ येतं की नाही ते बघ. मला मोठा डबा दाखवायला सांग."

झालं. आयुष्यात मी मिक्सरसुद्धा स्वतः निवडला नव्हता, आणि आता स्पीकर. मी आपले ते निवडले ज्यातली बाई शेजारच्या स्वयंपाकघरातून हाक मारल्यासारखी बोलत होती. अजून मला त्याचा अभिमान आहे.

मोठा डबा म्हणजे सबवूफर. आवाजाचा खर्ज तेवढा काढतो, ऐकू कमी येतो आणि छातीत जास्त कळतो. त्याच्यापुढे जिजी बसल्या मांडी घालून. पर्समधून शेवेचा डबा निघाला. उज्जैनची बाई आहे, घराची किल्ली विसरेल, शेव नाही विसरणार. डब्याच्या झाकणात शेव पसरली, झाकण सबवूफरवर ठेवलं. पहिल्या डब्यावर शेव जागची हलली नाही. "निकम्मा." दुसऱ्यावर अशी उडाली की अर्धी त्या मिक्सरवाल्या बाईच्या पदरात. "हा भांडकुदळ आहे, पुढचा." तिसऱ्यावर शेव हळूहळू गोल फिरायला लागली, कुणी कढईत मंद आचेवर परतल्यासारखी. जिजींनी पंजा टेकवला, डोळे मिटले.

"हा," त्या म्हणाल्या. "हा ह्यांच्या स्वभावाचा आहे."

सेल्समन तोवर नापास डब्यांवरची शेव वेचून खात होता. "लौंग वाली है ना, माताजी?" मी म्हटलं, "हो, लवंगेचीच, घ्या अजून."

टीव्हीची त्याहून मजा. भिंतीवरच्या सगळ्या टीव्हींत रंगीत मासे पोहत होते, कुठे फुलं उमलत होती. सेल्समन म्हणाला, "कलर देखिए, मछली जैसे बाहर आ जाएगी." जिजी म्हणाल्या, "मासे नकोत मला घरात. माणूस दाखव. बोलणारा." बातम्या लावल्या. मग पर्समधून निघाली परकराची नाडी! घरच्या दिवाणापासून समोरच्या भिंतीपर्यंतचं माप घेऊन गाठ मारून आणली होती. एक टोक सेल्समनच्या हातात, त्यानं ते टीव्हीला धरायचं. दुसरं टोक घेऊन जिजी मागे मागे जाणार, गाठ आली की थांबणार आणि बातम्या देणाऱ्या बाईचे ओठ दिसतात का ते बघणार. बिचाऱ्याला कळलं नव्हतं हातात काय आहे. कळलं तेव्हा त्यानं ती अशी धरली जशी कुणाची तान्ही पोर धरायला दिली आहे. ज्या टीव्हीत गाठीपासून ओठ नीट दिसले तो घेतला. सगळ्यांत मोठा नव्हता तो. मोठ्यात त्या बाईचं नाकच फार दिसत होतं.

फिटिंगवाला घरी आला तेव्हा वाद झाला. तो सबवूफर कोपऱ्यात ठेवायचा म्हणत होता. जिजींनी तो दिवाणाखाली सरकवायला लावला. "माताजी, नीचे आवाज़ दब जाएगी."

"दबू दे. आवाज तू घरी घेऊन जा, धक्का मला ठेव."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मटार आणले आणि मागच्या खोलीच्या दारात जाऊन खुणेनं सांगितलं की इथे अंधार आहे, बाहेर दिवाणावर बसून सोलून द्या. जिजाजी कुरकुरत आले. टीव्हीकडे पाठ करून बसले आणि सोलायला लागले. जिजींनी माझ्याकडे बघून डोळा मारला, ह्या वयात, आणि आमच्या गणपतीच्या मिरवणुकीचा ढोलाचा व्हिडिओ लावला.

ताटातले मटार उडायला लागले.

जिजाजी ताडकन उठले, जिजींचा हात धरला आणि त्यांना ओढत रस्त्यावर. "भूकंप! बाहेर निघा! सगळे बाहेर निघा!" रेल्वेतला आवाज तो, टोकापर्यंत गेला. सगळी गल्ली रस्त्यावर. समोरचे वकीलसाहेब एका गालाला साबण, एका गालाला दाढी. मी हातात झारा घेऊन. आणि जिजी मधोमध उभ्या राहून इतक्या हसत होत्या की बोलता येईना, नुसता घराकडे हात करत होत्या. त्यांचा दुसरा हात जिजाजींनी सोडला नव्हता.

मग समजलं तेव्हा जिजाजी आत गेले. वाकून दिवाणाखाली बघितलं, त्या डब्याला चाचपून पाहिलं. वाटलं, आता रागावतील, पुन्हा मागे जाऊन बसतील. जिजींचं हसू एकदम थांबलं.

ते दिवाणावर बसले. दोन्ही तळवे जमिनीवर टेकवले. "परत लाव," म्हणाले. लावलं. थोडा वेळ डोळे मिटून बसले. मग म्हणाले, "हा ढोलवाला घाई करतोय."

तरुणपणी ते स्वतः मिरवणुकीत ढोल वाजवायचे, हे आम्हाला तेव्हा समजलं. जिजी पदर डोळ्यांना लावून स्वयंपाकघरात गेल्या आणि तिथूनच ओरडल्या, "मटार वेचा आता! दोघांनी!"

त्या दिवसापासून खुर्ची बाहेर आली. संध्याकाळी दोघं दिवाणावर. धमधम तळव्यांतून यायची, पण गोष्ट कशी कळणार? ते काम जिजींचं. त्यांच्या कानाशी तोंड नेऊन मालिका सांगायच्या. आणि काय सांगायच्या! पडद्यावर सासू सुनेला घराबाहेर काढते आहे, इकडे जिजी सांगताहेत, "माहेरी पाठवतेय तिला, सणाला." कुणी मेला, तर "झोपलाय." जिजाजी विचारणार, "मग सगळ्यांनी पांढरे कपडे का घातलेत?" "उन्हाळा आहे!" मी तिथेच तोंडात पदर कोंबून बसलेली. मी म्हटलं, "जिजी, किती थापा मारता!" तर म्हणाल्या, "अगं, आधीच ऐकू येत नाही माणसाला. जेवढं सांगायचं तेवढं चांगलं तरी सांगू."

मागच्या हिवाळ्यात जिजी गेल्या. फार दिवस अंथरुणावर नव्हत्या. दिवस झाले, नातेवाईक परतले, आणि आम्हाला गल्लीत सगळ्यांना एकच धास्ती, की जिजाजी आता खुर्ची उचलून पुन्हा मागे नेणार. मी जेवणाचा डबा घेऊन गेले आणि दार ढकललं. ते दिवाणावर होते. टीव्ही लावलेला, तळवे जमिनीवर. आणि पडद्याच्या खाली हिंदीत अक्षरं सरकत होती, जो जे बोलतोय ते सगळं लिहून येत होतं.

मी खुणेनं विचारलं, हे केव्हापासून?

"फिटिंगवाला नंतर एकदा तपासायला आला होता, तेव्हा त्यानं दाखवलं होतं बटण," ते म्हणाले. "ती आत पोळ्या करायला गेली की लावायचो. बाहेर आली की बंद."

म्हणजे कोण मेलं, कोणाला घराबाहेर काढलं, सगळं माहीत होतं ह्यांना! मी त्यांच्या कानाशी ओरडले, "मग विचारत कशाला होता जिजींना?"

त्यांनी रिमोट उचलला आणि अक्षरं बंद केली. "तिच्या गोष्टीत कुणी मरत नव्हतं," म्हणाले, आणि दिवाणावर मला जागा करून दिली. "सांगा. काय म्हणतेय ती बाई?"

मी सांगते हो रोज. पण मला थापा जमत नाहीत, मालिकेत मेलेला माणूस माझ्याकडून दोन वाक्यांत मरतोच, आणि ते बिचारे मान हलवून "बरं" म्हणतात. वकीलसाहेबांना बसवून पाहिलं, ते कलमं सांगायला लागले. तेव्हा तुमच्यापैकी कुणाला चांगलं, घसघशीत खोटं बोलता येत असेल तर लवकर या. बेल वाजवू नका, ती त्यांना ऐकू येत नाही. दार नुसतं लोटलेलं असतं. मालिका सातला लागते.